क्षत्रप: सुसाच्या दरबारापासून कल्याणच्या खाडीपर्यंत

इजिप्तमध्ये राहणाऱ्या एका ग्रीक व्यापाऱ्याने इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला तांबडा समुद्र, अरबस्तान आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरच्या बंदरांची एक वाटाडी पोथी लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. पाणी कुठे उथळ आहे, कापड कुठे मिळते, दारू कुठे खपते, कोणत्या राजाला काय नजराणा लागतो, असा तिचा सगळा रोखठोक मजकूर. भडोचवरून दक्षिणेकडे येताना लेखक सोपारा सांगतो, मग कल्याण, मग चौल. कल्याणपाशी तो जरा थांबतो. थोरल्या सातकर्णीच्या दिवसांत हे रीतसर व्यापाराचे बंदर होते. पुढे ते संदनेस नावाच्या माणसाच्या हाती गेले आणि तेव्हापासून इथला व्यापार फार अडवला जातो. एखादे ग्रीक जहाज इथे लागलेच, तर ते पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची शक्यता असते, असा इशारा तो देतो.

हा संदनेस नेमका कोणाच्या बाजूचा, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. कोणी त्याला सातवाहनांचा मानतात, कोणी भडोचच्या सत्तेचा हस्तक. पण भांडण कोणाचे होते याबद्दल फारशी शंका नाही. एका बाजूला सातवाहन, दुसऱ्या बाजूला भडोचवर राज्य करणारा नहपान. व्यापारी भडोचच्या राजाचे नाव ‘मंबनस’ असे लिहितो आणि बहुतेक अभ्यासक त्यात नहपानालाच ओळखतात. जहाजे जिथे लागतील तिथे जकात जमा होणार. म्हणून कल्याणचा गळा आवळला की भडोचची तिजोरी भरत होती.

नहपानाच्या नावामागे कोरीव लेखांत एक पदवी येते: क्षत्रप. ही पदवी या मातीतली नाही. कल्याणच्या खाडीत जहाजे अडवली जात होती त्याच्या जवळजवळ सहाशे वर्षे आधी, आजच्या इराणमधल्या सुसा आणि पर्सेपोलिस या राजधान्यांतून ज्या साम्राज्याचा कारभार चालत होता, त्याच्या प्रांताधिकाऱ्याची ही पदवी. ते साम्राज्य मोडून पडले, अलेक्झांडर आला आणि गेला, मधे तीनचार राजवटी झाल्या, तरी हे पद चालत चालत कोकणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचले. मात्र प्रवासात त्याचे काय झाले, त्यातले काय टिकले आणि काय गळून पडले, हे पाहिल्याशिवाय कल्याणच्या वाट्याला जे आले ते नीट समजत नाही.

हखामनी घराण्याचा कुरुष, ज्याला ग्रीकांनी सायरस म्हटले, त्याने इसवी सनापूर्वी ५५०च्या सुमारास मीडियाचे राज्य घेतले, मग आशिया मायनरमधला श्रीमंत लिडिया आणि ५३९ मध्ये बॅबिलोन. त्याचा मुलगा कंबुजीय याने ५२५ मध्ये इजिप्त जिंकला. जगाने तोवर एवढे मोठे राज्य पाहिले नव्हते. पण जिंकणे आणि सांभाळणे या निराळ्या गोष्टी आहेत. ५२२ मध्ये कंबुजीय वारला आणि अर्ध्याहून अधिक साम्राज्य पेटले. त्या वणव्यातून जो गादीवर आला तो दारयवहु, म्हणजे पहिला डरायस. आपण एका वर्षात एकोणीस लढाया करून नऊ बंडखोर राजे धरले, असे त्याने बेहिस्तूनच्या उंच कड्यावर तीन भाषांत कोरून ठेवले आहे. चित्रात ते राजे दोरीने बांधून एका रांगेत उभे केलेले दिसतात.

हा लेख वाचला गेला त्याचा धागा मुंबईशी जुळतो. हेन्री रॉलिन्सन हा सतरा वर्षांचा मुलगा १८२७ मध्ये कंपनीच्या मुंबई फौजेत भरती होऊन जहाजाने आला. त्याच जहाजावर मुंबईचे नवे गव्हर्नर जॉन माल्कम होते. इराणच्या दरबारी वकील म्हणून काम केलेला आणि इराणचा इतिहास लिहिलेला हा माणूस. त्यांनी या पोराला फारसीची गोडी लावली. पुढे इराणात नेमणूक झाल्यावर रॉलिन्सनने जीव धोक्यात घालून बेहिस्तूनचा लेख उतरवून घेतला आणि कीलाक्षरांचे कुलूप उघडणाऱ्या मोजक्या विद्वानांत तो जाऊन बसला.

बंडे मोडली, पण पुन्हा होऊ नयेत यासाठी काय? दारयवहूचे खरे मोठेपण मला इथून पुढे दिसते. हेरोडोटस सांगतो, की त्याने राज्याचे वीस भाग पाडले आणि प्रत्येकाची खंडणी ठरवून टाकली. आधीच्या राजांच्या काळात नजराणे येत, त्याला माप नव्हते. आता कोणी किती चांदी भरायची हे नक्की झाले. विसावा भाग सिंधूच्या प्रदेशाचा होता आणि त्याच्यावर सोन्याच्या भुकटीचे ३६० टॅलेंट लावलेले होते, म्हणजे वर्षाला नऊ टनांच्या आसपास सोने. हा आकडा फुगवलेला असावा असे बऱ्याच इतिहासकारांना वाटते आणि ते योग्यही असेल. पण सिंधूकाठ या साम्राज्याचा भाग होता हे दारयवहूच्या स्वतःच्या लेखांवरूनच सिद्ध आहे. सुसाच्या राजवाड्यासाठी हस्तिदंत ज्या देशांतून आणले त्यांत ‘हिंदुश’चे नाव त्याने कोरले आहे. हिशेबाची ही शिस्त लोकांना रुचली असे मात्र नाही. कुरुष बापासारखा, कंबुजीय धन्यासारखा आणि दारयवहु दुकानदारासारखा, असे इराणी लोक म्हणत, हेही हेरोडोटसच सांगतो.

प्रत्येक प्रांतावर एक क्षत्रप. तो न्याय करी, खंडणी गोळा करी, रस्ते आणि सरहद्द सांभाळी. बहुधा तो राजाच्या नात्यातला किंवा बड्या इराणी घराण्यातला असे. राजधानीपासून दोन-तीन महिन्यांच्या वाटेवर बसलेल्या अशा माणसाच्या हाती पैसा आणि फौज दोन्ही दिली, तर तो दुसरा राजा होणार हे उघड आहे. म्हणून प्रांतातल्या किल्ल्यांचे सरदार राजाने थेट नेमायचे, क्षत्रपाने नव्हे. क्षत्रपाच्या कचेरीत राजाचा चिटणीस बसवायचा. वर्षातून एकदा फौजेनिशी तपासनीस फिरवायचा. ‘राजाचे डोळे’ म्हणून ओळखली जाणारी माणसे गुपचूप बातमी काढत. झेनोफन या ग्रीक सेनानीने या व्यवस्थेचे वर्णन केले आहे. तो स्वतः एका इराणी राजपुत्राच्या पदरी लढला होता, त्यामुळे त्याचे शब्द ऐकीव नाहीत.

ही यंत्रणा प्रत्यक्षात कशी चाले, याची हेरोडोटसने दिलेली एक हकीकत मला फार बोलकी वाटते. सार्डिसचा क्षत्रप ओरोइटस शिरजोर झाला होता. शेजारच्या प्रांताच्या क्षत्रपाला त्याने मुलासकट मारले आणि राजाकडून आलेला दूतही गायब केला. त्याच्याभोवती हजार इराणी भालाइतांचा पहारा होता. फौज पाठवली असती तर युद्धच झाले असते. दारयवहूने बगेयस नावाच्या एकट्या सरदाराला काही पत्रे घेऊन पाठवले, सगळ्यांवर राजमुद्रा. ओरोइटससमोर जाऊन बगेयसने एकेक पत्र फोडून राजाच्या चिटणिसाकडे दिले आणि चिटणिसाने ते मोठ्याने वाचले. पहिली पत्रे साध्या कामांची होती. बगेयसचे लक्ष पत्रांकडे नव्हतेच, पहारेकऱ्यांच्या चेहऱ्यांकडे होते. राजाच्या शब्दाला ते मान देतात असे दिसताच त्याने पुढचे पत्र दिले: ओरोइटसचा पहारा सोडा. भाले खाली आले. मग शेवटचे पत्र: ओरोइटसला ठार करा. त्याच्याच पहारेकऱ्यांनी तिथल्या तिथे ते काम केले. युद्ध झाले नाही. एक चिटणीस, थोडी पत्रे आणि दूर बसलेल्या राजाची मुद्रा यांनी प्रांत परत आला.

इजिप्तचा क्षत्रप अर्यांदेस याची गोष्ट याहून छोटी, पण पुढे उपयोगी पडणारी. दारयवहूने शुद्ध सोन्याचे नाणे पाडले होते. ते पाहून अर्यांदेसने इजिप्तमध्ये तशीच शुद्ध चांदीची नाणी पाडली. राजाने त्याच्यावर बंडाचा आळ ठेवून त्याचा वध करवला. नाणे पाडणे हा राजाचा हक्क, त्याच्याशी बरोबरी करणारा अधिकारी जिवंत ठेवायचा नाही.

धाकाइतकेच महत्त्व दळणवळणाला होते. सार्डिसपासून सुसापर्यंत सुमारे अडीच हजार किलोमीटरचा राजरस्ता होता आणि त्यावर १११ मुक्कामाची ठाणी. पायी चालत गेले तर नव्वद दिवस लागत. राजाचे टपालस्वार ठाण्याठाण्यावर घोडे बदलत ते अंतर त्यातल्या थोड्या दिवसांत तोडत. या प्रवासाचा शिधा कसा मिळे, हे आपल्याला ग्रीकांकडून नव्हे तर इराणी दप्तरातूनच कळते. १९३३-३४ मध्ये शिकागोच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या उत्खननात पर्सेपोलिसच्या तटबंदीत हजारो मातीच्या पाट्या सापडल्या. इसवी सनापूर्वी ५०९ ते ४९३ या काळातले ते कोठारांचे हिशेब आहेत, बहुतेक एलामी भाषेत. कोणाला किती पीठ, किती दारू, कोणाच्या शिक्क्याने, सगळे नोंदलेले. मुद्रांकित परवाना घेऊन सार्डिसकडे, कंदाहारकडे जाणारे प्रवासी त्यात आहेत आणि हिंदुस्थानातून सुसाला निघालेली माणसेही आहेत. कामगार बायकांना बाळंतपणात वाढीव शिधा मिळे. मुलगा झाला तर मुलगी झाली त्याच्या दुप्पट, हेही त्याच पाट्यांवर लिहिले आहे. सगळ्या कोठारांचा प्रमुख फर्नक हा राजाच्या घरातला माणूस, पण त्यालाही रोजच्या दोन मेंढ्या आणि पीठ-दारूचे माप नोंदीशिवाय मिळत नसे.

लोकांचे देव आणि कायदे यांत मात्र राज्याने सहसा हात घातला नाही. नाईल नदीतल्या एलेफंटिनी बेटावर या साम्राज्याच्या चाकरीत ज्यू शिपायांची एक वसाहत होती. इसवी सनापूर्वी ४१० मध्ये त्यांचे देऊळ पाडले गेले, तेव्हा ते बांधून मिळावे म्हणून त्यांनी जुदेआच्या इराणी सुभेदाराकडे अर्ज केला. तो अर्ज आरामी भाषेत पपायरसवर आजही आहे. साम्राज्याच्या एका कोपऱ्यातला शिपाई दुसऱ्या प्रांताच्या अधिकाऱ्याकडे लेखी दाद मागू शकत होता, ही गोष्ट मला राजवाड्यांच्या खांबांपेक्षा मोठी वाटते. अर्थात बॅबिलोनने आणि इजिप्तने पुन्हा पुन्हा बंडे केली आणि ती निर्दयपणे मोडली गेली. साम्राज्य म्हणजे शेवटी जिंकलेल्यांवरचे राज्य.

दारयवहूनंतरच्या दीडशे वर्षांत लगाम सैल झाला. क्षत्रपपदे बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि चौथ्या शतकाच्या मध्याला पश्चिमेकडच्या कित्येक क्षत्रपांनी मिळून बंड केले. इसवी सनापूर्वी ३३० मध्ये अलेक्झांडरच्या हातून पर्सेपोलिस जळाले. पण त्याने क्षत्रपांचे पद मोडले नाही. पंजाब-सिंधपर्यंत त्याने स्वतःचे क्षत्रप नेमले, कारण एवढा मुलूख चालवायची दुसरी रीत कोणालाच माहीत नव्हती. पुढे पूर्व इराणातून, आजच्या सिस्तानकडून उतरलेल्या शकांनी हे पद उचलले. तक्षशिलेत क्षत्रप झाले, मथुरेत महाक्षत्रप झाले आणि मग गुजरातवरून ते खाली सरकत आले.

आता कल्याण स्थानकात उभे राहून नकाशा डोळ्यांसमोर आणावा. गाड्या इथून दोन दिशांना फुटतात. एक फाटा कसाऱ्याकडून थळघाट चढून नाशिकला, दुसरा कर्जतवरून बोरघाट चढून लोणावळ्याला. तिसरी वाट मुरबाडवरून नाणेघाटात जाते आणि वर जुन्नर लागते. रेल्वेने या वाटा शोधल्या नाहीत, त्या सातवाहनांच्याही आधीच्या आहेत. कल्याणचे सगळे महत्त्व या तीन वाटा खाडीला मिळतात यातच होते. नहपानाच्या राजवटीचे कोरीव लेख कुठे सापडतात? नाशिकच्या पांडवलेण्यांत, कार्ल्याच्या लेण्यांत आणि जुन्नरच्या मानमोडी डोंगरात. म्हणजे तिन्ही घाटांच्या माथ्यावर क्षत्रपांची माणसे बसली होती. बैलांचे तांडे वरूनच वळवले, की खाली बंदर उघडे असून काय उपयोग?

नाशिकच्या लेखांत नहपानाचा जावई उषवदात आपल्यासमोर उभा राहतो. दिनीकाचा मुलगा, नहपानाची मुलगी दक्षमित्रा हिचा नवरा, आणि या सगळ्या प्रदेशातला सासऱ्याचा उजवा हात. त्याने लेणे खोदवून भिक्षूंना दिले आणि तीन हजार कार्षापण गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिले. दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने, एक हजार दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण कपड्यांसाठी. हे सगळे निगमसभेत वाचून दाखवले आणि रिवाजाप्रमाणे दप्तरात नोंदवले, असे लेखच सांगतो. दुसऱ्या एका लेखात त्याने कोणकोणत्या नद्यांवर फुकट तरीची सोय केली त्यांची यादी आहे. तिच्यात तापी आहे, दमण आहे, आणि ‘दाहानुका’, म्हणजे डहाणूची नदीही आहे. सोपाऱ्याला त्याने धर्मशाळा बांधली. जुन्या ठाणे जिल्ह्याचा किनारा या माणसाच्या पायाखालचा होता.

उषवदाताच्या या लेखांत मला इराणी कारभाराची एक खूण दिसते: दिलेले लिहायचे, लिहिलेले वाचून दाखवायचे, वाचलेले दप्तरी ठेवायचे. ती थेट तिथूनच आली असा दावा कोणी करू नये. श्रेणी, निगमसभा, व्याज हे सारे इथले होते आणि आलेल्या राज्यकर्त्याने ते जसेच्या तसे वापरले. हीसुद्धा हखामनींची जुनी रीतच.

पण मूळ फरक नाण्यात आहे. नहपानाची चांदीची नाणी पाहा. एका बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि ब्राह्मी-खरोष्ठीत मजकूर, ज्यात तो स्वतःला सरळ ‘राजा’ म्हणवतो. अर्यांदेस ज्या कृत्यासाठी मारला गेला, ते इथे नित्याचे झाले होते. नहपानावर कुशाणांची हुकमत होती असे काही अभ्यासक मानतात, असेल. पण भडोचमध्ये त्याच्यासमोर पत्र वाचणारा कोणा सम्राटाचा चिटणीस बसल्याची खूण कुठल्याच लेखात नाही, आणि त्याच्या किल्लेदाराला परस्पर हुकूम देणारी मुद्राही नाही. क्षत्रप हे पद आले, क्षत्रपाला आवरणारी यंत्रणा वाटेतच राहिली. विश्वास जावयावर ठेवावा लागला तो त्यामुळेच. माझ्या मते कल्याणवर जे ओढवले त्याचे मूळ इथे आहे. दारयवहूच्या राज्यात दोन प्रांतांच्या बंदरांनी एकमेकांची जहाजे पळवली असती, तर तक्रार सुसाला गेली असती. इथे तक्रार ऐकायला वर कोणी नव्हतेच. निकाल तलवारीनेच लागणार होता.

तो गौतमीपुत्र सातकर्णीने लावला. त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, वंश निपटून काढला, असे त्याच्या आईच्या, गौतमी बलश्रीच्या, नाशिकच्या लेखात म्हटले आहे. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी इथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप ठोकलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावर सातवाहनांचा चैत्य उमटलेला ते नाणे हातात घेणाऱ्याला राज्य बदलल्याचे वेगळे सांगावे लागले नसेल. कल्याणही सावरले. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणचे रहिवासी पुन्हा पुन्हा भेटतात, त्यात व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहारही आहेत.

क्षत्रप मात्र संपले नाहीत. दुसरे घराणे उभे राहिले, कार्दमकांचे. त्यातल्या रुद्रदामनाने सातकर्णीचा दोनदा पराभव केला, पण जवळचे नाते म्हणून त्याला समूळ उखडले नाही. हे नाते कसले, याचे उत्तर येऊरच्या डोंगरापलीकडे, कान्हेरीलाच आहे. एका पाण्याच्या टाक्यावरचा लेख वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख करतो. ती कार्दमक राजांच्या कुळातली, महाक्षत्रप ‘रु...’ याची मुलगी. पुढची अक्षरे झिजली आहेत, पण बाप रुद्रदामनच, असे बहुतेक सगळे मानतात. दोन वैरी घराण्यांत सोयरीक झाली होती आणि तिची नोंद साष्टीच्या डोंगरात राहिली.

रुद्रदामनाचा जुनागढचा लेख (इसवी सन १५०) तर राज्यकारभाराचा आरसा आहे. वादळात सुदर्शन तलावाचा बांध फुटला, भगदाड ४२० हात लांब, तेवढेच रुंद आणि ७५ हात खोल. चंद्रगुप्त मौर्याच्या अधिकाऱ्याने हा तलाव बांधला होता आणि अशोकासाठी त्याचे कालवे तुषास्फ नावाच्या यवनराजाने काढले होते. नाव इराणी वळणाचे. दुरुस्ती अशक्य आहे, असे रुद्रदामनाच्या मंत्र्यांनी आणि सल्लागारांनी सांगितले. लोक हवालदिल झाले. तेव्हा लोकांवर जादा कर किंवा वेठबिगार न लादता राजाच्या खजिन्यातून हे काम पुरे केले ते प्रांताचा अमात्य सुविशाख याने. लेख त्याला पल्हव, कुलैपाचा मुलगा म्हणतो, म्हणजे इराणी वंशाचा. तो संयमी होता, गर्विष्ठ नव्हता आणि लाच घेणारा नव्हता, अशी त्याची स्तुती राजाच्या प्रशस्तीत कोरली गेली. नहपानाच्या वेळी जे हरवले होते त्यातले थोडे इथे परतलेले दिसते, एका अधिकाऱ्याच्या चारित्र्यातून.

या क्षत्रपांनी पिढ्यानपिढ्या नाण्यांवर जे वर्ष घातले, ते इसवी सन ७८ पासून मोजले जाणारे वर्ष होते. मराठी पंचांगावर आपण आजही जे ‘शके’ लिहितो ते तेच. त्याच्यामागे शालिवाहनाचे नाव नंतर जोडले गेले, म्हणजे त्यांच्या वैऱ्यांचे, सातवाहनांचे.

पुढे इराणात सासानी सम्राट आले आणि अरबी समुद्रातल्या व्यापारावर इराणी जहाजांची पकड बसली. सहाव्या शतकात कॉस्मस हा ग्रीक प्रवासी ‘कल्लियाना’ या मोठ्या बंदराबद्दल लिहितो. तिथे ख्रिस्ती लोक आहेत आणि त्यांचा बिशप इराणमध्ये नेमला जातो. बहुतेक अभ्यासक हे आपले कल्याण मानतात. शेवटचा सासानी राजा यज्दगर्द ६५१ मध्ये मारला गेला. त्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी, १००९ मध्ये आणि पुन्हा १०२१ मध्ये, काही झरथुष्ट्री माणसांनी कान्हेरीला येऊन आपली नावे पहलवी लिपीत कोरली आणि खाली यज्दगर्दाचेच वर्ष घातले. त्यांचे वाचन करणाऱ्यांपैकी एडवर्ड वेस्ट हा मुंबईत जी.आय.पी. रेल्वेचा मुख्य अभियंता होता. याच कंपनीने मुंबईहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी आणली.

दूरच्या अधिकाऱ्याला आवरायचे कसे, हा दारयवहूपुढचा प्रश्न कल्याणात पुन्हा उभा राहिला तो १६५७ च्या ऑक्टोबरात, शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून कल्याण-भिवंडी घेतली तेव्हा. खाडीकाठी दुर्गाडी किल्ला उभा राहिला, सुभा बसला. सुभेदार, हवालदार, सबनीस ही पदे दख्खनच्या सुलतानी राज्यांतून फारसी वेशातच आलेली. पण महाराजांनी त्यांची मांडणी अशी केली, की सभासदाच्या बखरीत ती वाचताना ओरोइटसचा चिटणीस आठवावा. गडावर एक हवालदार, एक सबनीस, एक सरनौबत, तिघांचा मान सारखा, तिघांनी मिळून कारभार करायचा. कोठाराचा जमाखर्च कारखानीसाकडे वेगळा. ही माणसे एका जातीची नसत, म्हणजे फितवा करायचा तर सगळ्यांनाच सामील करून घ्यावे लागे. पगार शक्यतो रोख, मुलूख तोडून देणे नाही, कारण मुलूख हाती आला की नोकराचा मालक होतो. महाराजांनी दारयवहूचे नाव ऐकले असण्याचे कारण नाही. त्यांनी आदिलशाही आणि निजामशाहीतले सरदार पाहिले होते, ज्यांच्या जहागिरी त्यांच्या धन्यांपेक्षा बळकट झाल्या होत्या. शहाजीराजांच्या घरात वाढलेल्या मुलाला हे कोणी वेगळे शिकवावे लागले नाही.